चोपलेला ट्रॅक

आमच्या घरात मीठ कधी विकत आणावं लागलं नाही. बाकी सगळं विकत आणावं लागायचं आणि त्याचीच मारामार होती. आई-वडील दोघंही पेणजवळच्या खाडीवर मिठागरात कामाला. मिठागर अर्थातच शेठचं. पावसाळा सरला की वाफ्यांतला चिखल पायांनी तुडवायचा, मग लाकडी चोपण्यानं बडवून जमीन इतकी घट्ट करायची की वर सोडलेलं खारं पाणी खाली जिरता कामा नये. आईच्या तळपायाच्या भेगांत मीठ जायचं आणि त्या भरायच्याच नाहीत. पावसाळ्यात मिठागर बंद, म्हणजे मजुरी बंद, म्हणजे पुढचे महिने जाडा तांदूळ आणि सुकट, तीही शेजारणीकडून उसनी. मला शाळेत घातलं ते कोणाला शिक्षणाचं महत्त्व पटलं होतं म्हणून नव्हे. शाळेत सुकडी मिळायची आणि एक तोंड दुपारपुरतं भागायचं, म्हणून.

पण गेलो तो शिकतच गेलो. बी.कॉम. झालो. आमच्या घरातला पहिला, आमच्या आळीतलाही पहिला. हे मी आजही सांगतो आणि सांगताना आवाज खाली आणत नाही. निकाल लागल्यावर शेठकडे नोकरी विचारायला गेलो. शेठ म्हणाला, "अरे, आता तुला चिखलात कसा उतरवू? आणि गादीवर तर माझा भाचा बसलाय." म्हणजे चिखलासाठी मी जास्त शिकलेला आणि गादीसाठी नात्यात कमी.

मग मुंबईत एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे कारकुनी केली, लग्न झालं, मुलगी झाली, ट्रान्सपोर्टवाला बुडाला आणि मी बिऱ्हाड घेऊन परत पेणला आलो. तिथून ओमान. व्हिसा होता ‘हेल्पर’चा. एजंट म्हणाला, "सध्या हाच आहे. एकदा पोचा तर खरं, मग तिकडे बदलून घ्या." जगातल्या सगळ्या एजंटांना हे एकच वाक्य पाठ असतं.

तर नव्वदीच्या उत्तरार्धात मी रुस्ताकला एका स्पेअर पार्टच्या दुकानात लागलो. काम हिशेबाचं, बताका हेल्परचा. बताका म्हणजे तिकडचं कामगार कार्ड. ते खिशातून एकदा बाहेर काढलं की पोलिसापासून बँकेतल्या पोरापर्यंत सगळ्यांना तुमची पायरी कळते. हेल्परला बायको-मुलं आणता येत नाहीत. अकाउंटंटला येतात. एका शब्दाचा फरक, आणि तो शब्द बदलायला अर्बाबची, म्हणजे मालकाची, सही लागते.

आमचा अर्बाब माणूस वाईट नव्हता. हसरा, हौशी, हिंदी फाडफाड बोलणारा. फक्त त्याच्याकडे कुठलीही गोष्ट मागितली की तो म्हणायचा, "इन्शाल्ला, बुकरा." बुकरा म्हणजे उद्या. मी बताक्याचं विचारायचो तेव्हा तेव्हा तो उद्याच असायचा.

अशात अर्बाबनं मोटरसायकलींचा संघ विकत घेतला.

हे प्रकरण समजावून सांगायला हवं, कारण मलाही कुणीतरी समजावून सांगावं लागलं होतं. स्पीडवे म्हणतात त्याला. लंबगोल मातीचा ट्रॅक. चार जण, चार फेऱ्या, सगळी वळणं डावीकडे. प्रत्येक संघाचे दोन-दोन. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला धूळ. गाडीला गिअर एक आणि ब्रेक नाही. ब्रेक नाही म्हणजे खरोखरच नाही. बसवलेला सापडला तर गाडी बाद. वळणावर मागचं चाक मुद्दाम सुट्या मातीत घसरवायचं, गाडी आडवी करायची आणि तशीच आडवी पुढे काढायची. डोकं ठिकाणावर असलेल्या माणसानं हे करू नये असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

तिकडे या शर्यतींची हौशी लोकांनी चालवलेली लीग होती. तिच्या दोन फळ्या. पहिली मस्कतकडची, साहेब लोकांची: परदेशातून आणलेल्या गाड्या, रंगीत कातडी पोशाख, थंड पाण्याच्या पेट्या. दुसऱ्या फळीत आम्ही: गॅरेजवाले, टायरवाले, बांधकामवाले. आमच्या गाड्या म्हणजे पहिल्या फळीनं वापरून टाकलेल्या. मोसम हिवाळ्याचा, दर शुक्रवारी असरच्या, म्हणजे दुपार उतरतानाच्या, नमाजानंतर सामना. दुसऱ्या फळीत जो पहिला येईल तो पुढच्या वर्षी वर.

अर्बाबनं मला बोलावलं. "तुम बीकॉम. पढा-लिखा. तुम मॅनेजर."

"अर्बाब, मला मोटरसायकल चालवता येत नाही."

"मॅनेजर को चलाना नहीं. मॅनेजर को चिल्लाना."

मी म्हणालो, मग माझं एक मागणं आहे. संघ वर गेला तर माझ्या बताक्यावर अकाउंटंट करायचं. तो हसला, हात हातात घेतला, "इन्शाल्ला," म्हणाला. मी म्हणालो, "अर्बाब, इन्शाल्ला तर आहेच. पण तुम्ही पण हो म्हणा." त्यानं माझा हात सोडला. मग म्हणाला, "ठीक. टीम ऊपर, तुम मुहासिब. टीम नीचे, तुम हेल्पर. खलास." मुहासिब म्हणजे अकाउंटंट. अरबीत मला तेव्हा आकडे सोडून एवढा एकच शब्द वाचता यायचा.

म्हणजे माझी बायको-मुलगी माझ्याकडे येणार की नाही, हे ब्रेक नसलेल्या गाड्यांवर ठरणार होतं. हे मी बायकोला फोनवर सांगितलं तेव्हा तिनं सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "अहो, तुम्ही तिकडे हिशेब लिहायला गेलात ना?"

"हो."

"मग हे काय?"

मी तिला गुण कसे मोजतात ते सांगायला लागलो.

आमचा संघ असा. पहिला अर्बाबचा पुतण्या. पंचविशीचा, देखणा, गाडीवर जन्मल्यासारखा बसायचा. पण वळणावर गाडी आडवी करून मातीचा फवारा लोकांच्या अंगावर उडवणं हाच त्याला खेळ वाटायचा. शर्यत जिंकणं ही त्याच्या मते सावकाश होणारी गोष्ट होती. दुसरा टायरच्या दुकानातला एक मल्याळी, शांत आणि सावध, जो नेहमी तिसरा यायचा. पहिला नाही, चौथा नाही, तिसरा. बाकी दोघं बदलत राहायचे; कोणी सुट्टीवर गावी जायचा, कोणाचा खांदा उतरायचा.

आणि ट्रॅक सांभाळायला आमचे चाचा. रत्नागिरीच्या खाडीपट्ट्यातले, साठीला टेकलेले, दुकानाच्या गॅरेजचे मुकादम. त्यांच्या हाताखाली त्यांच्याच गावची माणसं. मराठी बोलायला मिळतं म्हणून मी त्यांच्यातच जेवायचो. चाचांना ब्रेक नसलेली गाडी हे काही पटायचं नाही. त्यांचा जन्म गाड्या तपासणीला पास करून देण्यात गेलेला. पहिल्याच महिन्यात मी पाहिलं तर पुतण्याच्या गाडीला मागचा ब्रेक बसवलेला.

"चाचा, हे काय?"

"काय म्हंजे? पोर मरंल ना."

"नियमात ब्रेक चालत नाही."

"कुणाचा नियम? ज्यानं केला तो चालवतो काय ही गाडी?"

मी स्वतः पान्हा घेऊन तो ब्रेक काढला. दुसऱ्या शुक्रवारी पुन्हा बसवलेला, फक्त या वेळी रंगवून लपवलेला. पंच होते एक निवृत्तीला आलेले इंग्रज साहेब, तेलाच्या विहिरींवर आयुष्य गेलेले. त्यांनी वाकून पाहिलं, बोटानं रंग खरवडला आणि आमची गाडी बाद केली. चाचा त्यांच्याकडे बघून माझ्या कानात म्हणाले, "ह्याची पोरं हायत काय बगा. नसणार."

तो मोसम आठवला की आजही माझं डोकं दुखतं. पुतण्या वेळेवर यायचा नाही. एकदा मित्राच्या लग्नातून थेट आला, अंगात पांढरा डिशडाशा, म्हणजे तिकडचा पायघोळ झगा, अत्तराचा घमघमाट, आणि पहिल्या दोन शर्यती संपलेल्या. "खलास?" मला विचारतो. मी म्हणालो, "तुमच्यासाठी थांबवल्या नाहीत, माफ करा." त्याला टोमणा कळला नाही. "मा अलेश, मा अलेश," म्हणाला, म्हणजे हरकत नाही, आणि मलाच माफ केलं.

त्याहून वाईट पाण्याचा टँकरवाला. ट्रॅकला शर्यतीच्या थोडं आधी पाणी मारायचं असतं, म्हणजे धूळ बसते आणि माती सुटी पण ओलसर राहते. हा सकाळीच पाणी मारून जायचा, का तर दुपारी त्याला झोप असायची. असरपर्यंत सगळं वाळून जायचं आणि पहिल्या फेरीतच इतका धुरळा की कोण कुठे आहे ते आवाजावरून ओळखायचं. रागावलो, तर पुढच्या शुक्रवारी बरोबर वेळेवर आला आणि अख्खा टँकर एका वळणावर ओतून गेला. तिथे चिखल, चिखलात चाकोऱ्या, त्या वाळल्या की खड्डे. आमच्याच ट्रॅकवर आमचेच गडी पडायला लागले.

एवढं असूनही आम्ही टिकून राहिलो, कारण दुसऱ्या फळीतले बाकीचेही आमच्यासारखेच होते. एका संघाचा ट्रक वाटेत बिघडला, एका संघानं आपापसात भांडण करून अर्धा मोसम सोडून दिला. फक्त इब्रीचा संघ शिस्तीचा. नव्या गाड्या, सारखे शर्ट, आणि मॅनेजर म्हणून एक पुण्याचे इंजिनिअर. एका बांधकाम कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. मोसमाच्या सुरुवातीला सगळ्या मॅनेजरांच्या बताक्यांच्या प्रती पंचांकडे द्यायच्या होत्या. त्या ढिगातली माझी प्रत त्यांच्या हाती लागली.

"पेणचे का आपण? वा. गणपती छान असतात." मग कागदावर नजर. "शिक्षण?"

"बी.कॉम."

"आणि इथे हेल्पर." ते अगदी प्रेमानं म्हणाले, "बरं असतं तसं. अपेक्षा कमी राहतात."

मी म्हणालो, "गुण मोजायला बी.कॉम. पुरतं, साहेब. मैदानावर भेटू." बोलायला बोललो. परत येताना पिकअपमध्ये तासभर दात-ओठ खात बसलो. मिठागरावरच्या मुकादमाचा मला कधी इतका राग आला नव्हता, कारण तो निदान शिव्या तरी शिव्यांसारख्या द्यायचा.

आणि मैदानावर भेटायची वेळ आलीच. शेवटच्या शुक्रवारी सामना आमचा आणि इब्रीचा, आमच्याच ट्रॅकवर. जो जिंकेल तो वर.

त्याच्या आदल्या सामन्यानंतर पंच साहेबांनी मला बाजूला घेतलं. ट्रॅक खड्ड्यांनी भरलाय, माणूस मरेल, पुढच्या शुक्रवारी समतल पाहिजे, नाहीतर सामना नाही. मी चाचांना सांगितलं, "चाचा, खड्डे बुजवून ट्रॅक जरा गुळगुळीत करून घ्या. मला रुवीला जायचंय."

"जा तुमी. गुळगुळीत ना? करून ठेवतो. बिनघोर जा."

बिनघोर या शब्दालाच मी घाबरायला हवं होतं.

रुवीला, मस्कतच्या त्या बाजारपेठेत, मला माल सोडवायचा होता आणि तो सुटायला दोन दिवस लागले. दुकानाच्या ओळखीच्या माणसाच्या खोलीत टाकलेल्या गादीवर झोपलो. परत निघायच्या आधी टेलिफोन बूथवरून पेणला फोन लावला. आमच्याकडे फोन नव्हता. बायको ठरलेल्या वेळी एस.टी. स्टँडसमोरच्या बूथवर येऊन बसायची.

"उद्या शेवटचा सामना," मी म्हणालो.

"मुलगी विचारते, बाबा पहिले येणार का."

"तिला सांग, बाबा गाडी चालवत नाहीत."

"सांगितलं. म्हणते, मग बाबा काय करतात? अहो, मी काय सांगू तिला? लोक विचारतात तर मी सांगते दुकानात अकाउंटंट आहेत. खोटं नाही ना ते?"

"खोटं नाही."

"मग कागदावर का नाही?"

माझ्या मागे रांगेत उभा असलेला माणूस काचेवर टकटक करायला लागला. "उद्या कळेल," मी म्हणालो आणि म्हणताना लक्षात आलं की मीसुद्धा अर्बाबसारखं ‘उद्या’ म्हणायला शिकलो.

गुरुवारी दुपारी रुस्ताकला पोचलो आणि टॅक्सी थेट मैदानाकडे वळवली. उतरलो आणि तिथेच उभा राहिलो.

ट्रॅक चकाकत होता. खड्डे नव्हते, चाकोऱ्या नव्हत्या, मातीचा एक सुटा कण नव्हता. अख्खा लंबगोल पाणी मारून, तुडवून, चोपण्यांनी चोपून, वरून सारवलेला होता. आमच्या कोकणात लग्नाआधी अंगण करतात तसं. चोपणी कुठून आणली म्हणून विचारलं तर दुकानामागे माल येतो त्या लाकडी खोक्यांच्या फळ्यांना दांडे मारले होते. चाचांच्या गावची सगळी माणसं मिळून दोन दिवस राबली होती. चाचा कमरेवर हात ठेवून मधोमध उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

"कसा झालाय?"

"चाचा... सारवलंत?"

"मंग? नुसता चोपून ऊन लागला की तडकतो. वरून हात मारावाच लागतो. गावात गायी हायत, त्यांचा शेण मिळाला. त्या टोकाला कमी पडला, तिथं उंटाचा चालवला."

"चाचा, गाडी घसरायला सुटी माती लागते! वळायचं कशावर त्यांनी?"

"तुमी बोल्लात गुळगुळीत करा. बोल्लात का नाय?"

"बोललो. गुळगुळीत म्हणजे खड्डे..."

"असा अंगण मी माझ्या पोरीच्या लग्नात पण नव्हता केला," चाचा दुखावल्या आवाजात म्हणाले. "आनि तुमी ओरडता."

राग येऊन उपयोग नव्हता. त्यातून मला काय वाटत होतं ते सांगतो. ते काम उत्तम झालं होतं. मिठागराच्या मुकादमानं बघितलं असतं तर त्यानं शाबासकी दिली असती. पाणी जिरलं नसतं त्यात. आणि म्हणूनच पंचाईत होती, कारण असली जमीन उकरायला काय लागतं ते मला पक्कं ठाऊक होतं. कुदळ मारून पाहिली. ढलपी निघाली, माती नाही. वर सुटी माती आणून टाकावी तर ट्रॅक्टरवाला दुसऱ्या गावी, शुक्रवारी सकाळी कोणी हाताला लागेना. अर्बाब आला, त्यानं चप्पल काढून पायानं जमीन चाचपली. "ये ट्रॅक है? चटई डालो, खजूर लाओ, कहवा पियो." हसत होता. मी हसलो नाही.

शुक्रवारी असरनंतर इब्रीवाले आले. पुण्याचे इंजिनिअर गाडीतून उतरले, चार पावलं चालले आणि थांबले.

"काय हो, सारवलंत की काय?"

"हो."

"मी गंमत करत होतो."

"मी नाही करत."

त्यांनी खाली वाकून वास घेतला आणि सरळ झाले. बराच वेळ बोलले नाहीत. पुणेकराला शब्द न सुचण्याचा तो प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला, एवढं एक त्या दिवसाचं सुख.

पंच साहेबांनी टाचेनं जमीन ठोकली. टक टक आवाज आला. ते म्हणाले, नियमाप्रमाणे वर सुट्या मातीचा थर पाहिजे. तो नाही. पाहुण्या संघानं हरकत घेतली तर सामना त्यांना बहाल. मग त्यांनी इंजिनिअरांकडे पाहिलं, आणि मी जमिनीकडे. त्या क्षणी माझा बताका, माझी बायको, माझी मुलगी, सगळी त्या गृहस्थाच्या हो-नाहीवर उभी होती आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

"छे छे," ते म्हणाले. "हरकत कसली? आमच्या गाड्या नव्या आहेत, पाटावरसुद्धा पळतील. शिवाय आमचे मालक एवढ्या लांब आलेत, ते काय नुसता वास घ्यायला?" मग माझ्याकडे वळून, "न खेळता जिंकलो तर तुम्ही जन्मभर सांगत राहाल. खेळूनच जिंकू."

पहिल्या शर्यतीत पुतण्यानं वळणावर नेहमीसारखी गाडी आडवी टाकली. गाडी आडवी झाली आणि आडवीच राहिली. तो बसून घसरगुंडीसारखा कुंपणापर्यंत गेला. मागचा इब्रीवाला त्याला चुकवायला गेला आणि तोही गेला. आमचा मल्याळी पिकनिकला निघाल्यासारखा आतल्या कडेनं हळूहळू गेला आणि मोसमात पहिल्यांदाच दुसरा आला.

ते पाहून माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इब्रीच्या नव्या गाड्यांना जोर फार. चोपलेल्या जमिनीवर तो जोर दिला की मागचं चाक नुसतं जागच्या जागी फिरायचं. आमच्या जुन्या गाड्यांत फिरवायला तेवढा जोरच नव्हता. त्या मुकाट पळत होत्या. म्हणजे जो आधी आतली कडा धरेल आणि शहाण्यासारखा जाईल, त्याला मागून कोणी गाठू शकणार नव्हतं.

मी पुतण्याला बाजूला घेतलं. "गाडी आडवी करायची नाही. मातीबिती उडवायची नाही. आतून जायचं. बाजारात खुबूस आणायला जातोस ना, तसा जा."

खुबूस म्हणजे तिकडची रोटी. त्याचा चेहरा पडला. "मैं रेसर हूं. खुबूसवाला नहीं."

"आज खुबूसवाला हो!" मी ओरडलो. इतका ओरडलो की अर्बाब खुर्चीतून उठला. "मोसमभर तू लोकांच्या अंगावर माती उडवलीस. माझं ऐकलंस कधी? माझी बायको-पोर तिकडे बसलीयेत. आज एक दिवस खुबूस आण!"

हे मी मराठीत बोललो. त्याला एक शब्द कळला नसावा, खुबूस सोडून. पण त्यानं हेल्मेट घातलं आणि तो गेला. अर्बाब मला म्हणाला, "शाबास. अब मॅनेजर बना."

पुढच्या शर्यतींत काय झालं ते सगळं सांगत नाही, कारण ते बघायला कंटाळवाणं होतं. इब्रीवाले जोर लावायचे आणि बाहेर फेकले जायचे. कधी त्यांचा एखादा आधी आत शिरायचा आणि मग आमचे दोघंही मागे लटकायचे. पडणाऱ्यांच्या पाठीला शेण लागलेलं. लोक शर्यत सोडून ते बघत होते. चाचा प्रत्येक पडणाऱ्यामागे धावायचे आणि त्याच्या आधी जमीन तपासायचे, कुठे टवका उडाला का.

शेवटच्या शर्यतीआधी गुण बरोबर. आमच्याकडून पुतण्या आणि मल्याळी. इंजिनिअरांनी त्यांच्या दोघांना खूप वेळ काहीतरी समजावलं. बहुतेक तेच जे मी समजावलं होतं, फक्त शुद्ध भाषेत. सुरुवातीची आडवी फीत वर उडाली. पुतण्यानं आतली कडा धरली आणि चारही फेऱ्या एकदाही मागे न बघता गेला. रागानं गेला, ते पाठीवरून कळत होतं. इब्रीचा एक दुसरा. त्यांच्या दुसऱ्यानं शेवटच्या वळणावर पुढे घुसायला जोर लावला, चाक भिरभिरलं, आणि तो उंटाच्या शेणाच्या टोकाला जाऊन बसला. आमचा मल्याळी त्याच्या बाजूनं शांतपणे निघून गेला. तिसरा.

पंच साहेबांनी गुण वाचले. आम्ही दोन गुणांनी पुढे.

इंजिनिअरांनी येऊन हात मिळवला. "अभिनंदन. पण हा स्पीडवे नव्हे."

"नाही," मी म्हणालो. "पण गुण मोजलेत."

त्यानंतर माझी काय चिडचिड झाली असेल ती चाचांमुळे. रुस्ताकच्या बाजारात ते पुढचे सहा महिने सांगत फिरत होते की आपण मुद्दाम तसा ट्रॅक केला. "बीकॉमवाले नको नको म्हणत होते. मी ऐकला नाय." मी खुलासा करायला जायचो तर लोक म्हणायचे, जाऊ द्या हो, म्हातारा माणूस. पहिल्या फळीत आम्ही पुढच्या मोसमात एकही सामना जिंकलो नाही. पहिल्या फळीवाले ट्रॅकची माती स्वतः मोजून घ्यायचे.

आणि अर्बाब. सोमवारी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"अर्बाब, टीम ऊपर."

"अल्हम्दुलिल्ला."

"माझा बताका."

"इन्शाल्ला, बुकरा."

त्या दिवशी मी जागचा हललो नाही. म्हणालो, "तुम्ही शब्द दिलाय. मी इथे उभा आहे. तुम्हाला उद्या जमत असेल तर मी उद्यापर्यंत उभा राहतो." गिऱ्हाइकं आली, गेली. कोणाला बिल करून दिलं नाही. पुतण्या मागे येऊन उभा राहिला आणि काकाला अरबीत काहीतरी म्हणाला. त्यात खुबूस हा शब्द होता. अर्बाब पोट धरून हसला. मग गाडीची किल्ली उचलली. "यल्ला. चलो."

कामगार कचेरीत पुढे महिन्यामागून महिने गेले. पदवीचं प्रमाणपत्र मुंबईला पाठवा, शिक्के मारून आणा, एक शिक्का राहिला, परत पाठवा. माझी पदवी माझ्यापेक्षा जास्त विमानात बसली. पण शेवटी कार्ड आलं. त्याच्यावर मुहासिब छापलं होतं. ते मी कोणाला न विचारता वाचलं. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात बायको आणि मुलगी मस्कतच्या विमानतळावर उतरल्या, मी त्यांना रुस्ताकला घेऊन गेलो आणि आम्ही तिघं एका घरात राहायला लागलो.